फौजी सुताराची पेन्शन आणि ओले लाकूड

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लढाईवर जाऊन आलेला जवान निवृत्तीनंतर गावी सुतारकाम करतो, अशा आशयाचे लेख वर्तमानपत्रांत अधूनमधून येतात. ‘बंदूक ठेवली, रंधा उचलला’ एवढेच त्यात ठळक असते आणि सोबत शाल-श्रीफळाचा फोटो. त्या माणसाने लाकूड कुठून आणले, किती महिने सुकवले, पहिल्या वर्षी काय बिघडले, मजुरी कशी ठरवली, यातले अक्षरही नसते. पहिल्या महायुद्धात 46 जवान गमावलेले अपशिंगे आजही नावापुढे ‘मिलिटरी’ लावते, अशा या सातारा जिल्ह्यात ते लेख वाचून ग्रॅच्युइटीचे पैसे सुतारकामात घालणारे निघतात. म्हणून हे पत्र जरा लांबीचे झाले आहे.

आधी वयाचा हिशेब. कारगिलच्या वेळी, म्हणजे 1999 मध्ये, वीस वर्षांचा जवान सतरा-अठरा वर्षांची नोकरी करून साधारण 2016 च्या सुमारास घरी आला. तेव्हा त्याचे वय सदतीस. पेन्शन सुरू, मुले शाळेत आणि पुढे निदान वीस-पंचवीस वर्षे काम करण्याची ताकद. बहुतेक जण सुरक्षारक्षकाची नोकरी धरतात. सुतारकामाकडे वळणारे थोडे, आणि त्यांतही दोन प्रकार असतात. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलात, सुतारकामाचा ट्रेड शिकून आलेला एक, आणि पायदळातून किंवा तोफखान्यातून आलेला दुसरा. पहिल्याला करवत-पटाशी ओळखीची असते, पण त्याचा हात शटरिंग, पुलाच्या फळ्या, बंकरचे छत अशा कामावर बसलेला असतो. तिथे पाच मिलिमीटर इकडेतिकडे चालतात. टेबलाच्या खणाला अर्धा मिलिमीटरसुद्धा जाणवतो. त्यामुळे सॅपरलाही पहिले वर्ष शिकण्यातच जाते. पायदळवाल्याने एखाद्या जाणत्या मिस्त्रीच्या हाताखाली दोन वर्षे काढल्याशिवाय स्वतःच्या नावाने काम घेऊ नये. आयटीआयचा एक वर्षाचा अभ्यासक्रम उपयोगी आहे, पण तो मिस्त्रीला पर्याय नाही.

आता मुख्य मुद्दा. माजी सैनिकाकडे गावातल्या इतर सुतारांकडे नसलेली एक गोष्ट असते. ती म्हणजे दर महिन्याला ठरलेली पेन्शन. रोजंदारीवर जगणारा सुतार आज वखारीतून लाकूड आणतो आणि उद्या त्याची चौकट करतो, कारण पैसा अडकवून ठेवणे त्याला परवडत नाही. पेन्शनवाला लाकूड घेऊन वर्षभर सुकवत ठेवू शकतो. या धंद्यातला खरा फरक इथे पडतो. पण होते उलटेच. निवृत्तीची रक्कम हाती आली की आधी पत्र्याचे शेड, मग बारा इंची रंधा मशीन, सर्क्युलर सॉ (चकतीची करवत), खाचा कोरणारे राउटर. लाकडाला पैसा उरत नाही आणि पहिलीच दारे ओल्या मालाची होतात. पुढच्या उन्हाळ्यात ती दारे पीळ खातात आणि गावात नाव जाते.

ओलाव्याचे गणित थोडे सविस्तर सांगतो. हिरव्या लाकडातला ओलावा 30 टक्क्यांच्या बराच वर असतो. तिथपासून साधारण 30 टक्क्यांपर्यंत खाली येताना लाकूड आकसत नाही, फक्त वजन घटते. त्याखाली गेले की आकसायला लागते, आणि दारखिडक्यांना लाकूड 10 ते 12 टक्क्यांवर यायला हवे. पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरड्यापर्यंत सागाची फळी खोडातल्या वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने सुमारे 5.8 टक्के आकसते, तर गाभ्यापासून सालीच्या दिशेने सुमारे 2.5 टक्के. लांबीत नावापुरतेच. म्हणजे 300 मिलिमीटर रुंदीची सरळ चिरलेली (वर्तुळे रुंदीला आडवी असलेली) फळी 10 वरून 16 टक्क्यांवर गेली तर ती जवळजवळ साडेतीन मिलिमीटर फुगेल. तीच फळी टोकाकडून पाहता वर्तुळे उभी येतील अशी चिरून घेतली असेल तर दीड मिलिमीटर. आरा गिरणीत ओंडका चिरताना समोर उभे राहून ‘या बाजूने फिरवा’ एवढे सांगितले तरी निम्मे दुखणे टळते. माल थोडा कमी निघतो, म्हणून गिरणीवाला आपणहून तसे चिरत नाही.

आपल्या जिल्ह्यात हे जास्त महत्त्वाचे का, तर महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि माण तालुका कायमचा दुष्काळी, हे दोन्ही एकाच जिल्ह्यात आहे. दहिवडीच्या उन्हात सुकलेल्या लाकडाचे दार मेढ्याला किंवा तापोळ्याला बसवले तर ते जुलैत चौकटीत अडकणारच. उलट जावळीतल्या शेडमध्ये ठेवलेला माल म्हसवडला नेला तर मार्चमध्ये चिरा. म्हणून लाकूड सुकले की करण्याआधी महिनाभर ज्या भागात बसवायचे तिथे, छपराखाली, नेऊन ठेवावे. माण-खटावात दाराच्या तिन्ही बाजूंना 3 मिलिमीटर फट पुरते, जावळी-महाबळेश्वरात 4 ते 5 सोडावी. ऑगस्टमध्ये दार घट्ट झाले म्हणून गिऱ्हाईक बोलावते आणि नवखा सुतार कडेला रंधा मारून मोकळा होतो. जानेवारीत त्याच ठिकाणी उजेड दिसायला लागतो. अशा वेळी आधी दाराची वरची आणि खालची कड पाहावी. दहांतल्या आठ दारांना तिथे रंगाचा हात लागलेलाच नसतो आणि पाणी तिथूनच शिरते. दार उतरवून कोरड्या दिवसांत त्या दोन कडा रंगवल्या की बहुतेक वेळा रंध्याची गरज पडत नाही.

सुकवायची पद्धत सोपी आहे, फक्त आळस चालत नाही. जमिनीपासून दीड फूट उंच, सपाट बैठक करावी. फळ्यांच्या थरांमध्ये एक इंच जाडीच्या कोरड्या पट्ट्या दोन-दोन फुटांवर, आणि प्रत्येक थरातल्या पट्ट्या बरोबर एकाखाली एक. पट्टी सरकलेली असेल तिथे फळी बाक धरते आणि तो बाक नंतर निघत नाही. फळीच्या दोन्ही टोकांना जाड ऑइलपेंट किंवा मेण लावावे. टोकातून ओलावा फळीच्या अंगापेक्षा कितीतरी वेगाने उडतो, म्हणून टोके आधी आकसतात आणि तिथेच भेगा पडतात. थप्पीवर दगडांचे वजन, वरून छप्पर, बाजू मोकळ्या. प्लास्टिकने गुंडाळू नये, आत बुरशी येते. ऑक्टोबरात थप्पी लावली तर हिवाळ्याच्या कोरड्या पण मंद हवेत सुकणे नीट होते. एप्रिलात ताजा चिरलेला जाड माल उघड्यावर ठेवला तर पृष्ठभाग आधी सुकून तडकतो. इंचाला वर्ष हा जुना ठोकताळा साधारणपणे बरोबर आहे. ओलावा मोजायचे मीटर नसेल तर थप्पीतली एकच फळी खूण करून दर पंधरा दिवसांनी वजन करावी. कोरड्या दिवसांत लागोपाठ तीन वेळा वजन तेवढेच आले म्हणजे हवेत सुकायचे तेवढे ते सुकले.

लाकूड आणण्याचेही नियम आहेत आणि फौजी माणूस यात भाबडेपणाने अडकतो. बांधावरचा साग आपलाच, म्हणून तोडता येत नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, 1964 च्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ ही सगळी झाडे आहेत. सातबारा जोडून रीतसर परवानगी आणि वाहतुकीचा पास घ्यावा लागतो. परवाना नसलेल्या आरा गिरणीत ओंडका चिरू नये. माल पकडला गेला तर ‘माजी सैनिक आहे’ या सबबीचा उपयोग नाही, आणि तो असूही नये.

वाई-सातारा भागात जुने वाडे उतरतात. त्यातला साग साठ-सत्तर वर्षे सुकलेला, त्यामुळे नवख्यासाठी हा सर्वांत चांगला माल. धोका खिळ्यांचा. डोके तुटून आत राहिलेला एक खिळा रंधा मशीनच्या पात्यांना खाच पाडतो, आणि मग निघणाऱ्या प्रत्येक फळीवर उभी रेघ उमटते. लोहचुंबक फिरवून, काळा डाग दिसेल तिथे पटाशीने उकरून खात्री केल्याशिवाय जुनी तुळई मशीनवर चढवू नये. जुना रंग घासताना तोंडाला साधा रुमाल पुरत नाही, त्या रंगांत शिसे असू शकते. लाकडाचा भुसासुद्धा कर्करोगकारक म्हणून जागतिक पातळीवर नोंदलेला आहे, तेव्हा नीट बसणारा मास्क रोजचाच.

आता शरीराबद्दल, कारण हे कोणी लिहीत नाही. आपल्याकडचा परंपरागत सुतार जमिनीवर बसून, लाकूड पायाच्या अंगठ्यांत धरून काम करतो. ज्याच्या गुडघ्याला मार आहे, किंवा जो पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रातून पाय बसवून आला आहे, त्याला ही बैठक जमत नाही आणि जबरदस्तीने जमवू नये. त्याला उभ्याने कामाचे बाकडे लागते. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, वरची फळी अडीच इंच जाड, पाय चार बाय चार इंचांचे, बाभळीचे किंवा ऐनाचे. पाय तिरकस पट्ट्यांनी बांधलेले हवेत, नाहीतर रंधा मारताना बाकडे पुढे चालते. उंची किती, तर सरळ उभे राहून हात खाली सोडल्यावर मनगटाची घडी येते तितकी. साडेपाच फुटांच्या माणसाला सुमारे 32 इंच. उजव्या हाताने काम करणाऱ्याने लाकूड घट्ट धरणारा शिकंजा डावीकडच्या टोकाला बसवावा. रंध्याचा जोर मागच्या पायातून येतो, त्यामुळे चांगला पाय मागे आणि कृत्रिम पाय पुढे. उजवा पाय कृत्रिम असेल तर डाव्या हाताने रंधा शिकणे सुरुवातीला अवघड, पण पुढे कंबर वाचते. कृत्रिम पायाच्या खोबणीत भुसा आणि घाम एकत्र झाला की कातडी सोलते, म्हणून दुपारी एकदा काढून, पुसून, मोजा बदलणे आवश्यक.

सियाचीनला हिमदंश झालेल्यांनी सँडर (घासायचे मशीन) किंवा राउटर तासन्तास धरू नये. थरथरीने बोटांतला रक्तप्रवाह आणखी आखडतो आणि बोटे पांढरी पडून बधिर होतात. हाताचा रंधा त्यांना बरा. तोफखान्यातल्या माणसाची अडचण वेगळी. त्याला उंच पट्टीचे आवाज कमी ऐकू येतात. सर्क्युलर सॉचे पाते लाकडात अडकायला लागले की आवाज बदलतो, हे कसलेला सुतार कानाने ओळखतो आणि हात मागे घेतो. याला ते कळत नाही. म्हणून अशा माणसाच्या सॉला पात्यामागे फाळ हवाच. चिरलेली फट पात्यामागे मिटली की फळी उलटी उसळून छातीवर येते. तो फाळ फट उघडी ठेवतो. गावातल्या बहुतेक मशीनवरून फाळ आणि गार्ड काढून ठेवलेले दिसतात, ‘अडचण होते’ म्हणून. कान आधीच गेलेत म्हणून इअरमफ वापरायचे नाहीत, हाही गैरसमज. उरलेले कान त्यामुळेच टिकतात.

मशीन घ्यायचेच तर वीज आधी पाहा. लाइनच्या टोकाला असलेल्या वाडी-वस्तीवर संध्याकाळी 230 ऐवजी 180 व्होल्ट मिळतात. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, म्हणजे तो सुमारे 60 टक्क्यांवर येतो. तीन हॉर्सपॉवरची मोटर मग फळी ओढताना दमते, जास्त करंट खेचते आणि कपॅसिटर किंवा वायंडिंग जळते. दोष मशीनचा नसतो. अशा ठिकाणी रंधा मशीनवर एका वेळी एक मिलिमीटरपेक्षा जास्त काढू नये आणि जड काम सकाळी उरकावे.

पहिल्या दोन वर्षांत कुठले काम घ्यावे? आमचे मत असे, की मोठ्या फर्निचरआधी चौकटी आणि मधपेट्या. चौकटीचा हिशेब सोपा: लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, गुणाकाराला 144 ने भागायचे. सात बाय साडेतीन फुटांच्या, पाच बाय तीन इंची चौकटीला 21 फूट माल, म्हणजे सव्वादोन घनफुटांना थोडा कमी. छाट धरून अडीच मागवावा. कुसू, म्हणजे भोकात बसणारी जीभ, जाडीच्या एक तृतीयांश ठेवावे, तीन इंचाला एक इंच. भोक टोकाच्या फार जवळ घेतले तर पाचर मारताना टोक उभे फाटते, म्हणून दीड-दोन इंच जास्तीचे टोक सोडून सांधा पक्का झाल्यावर कापावे. दाराच्या पॅनेलला खाचेत कधीही गोंद लावू नये आणि दोन्ही बाजूंना तीन मिलिमीटर जागा ठेवावी. पॅनेलला हलायला जागा नसेल तर ते मधोमध फाटते, आणि दोष लाकडावर जातो.

मधपेटी सुचवतो ती महाबळेश्वरला मध संचालनालय आहे आणि पश्चिम भागात पेट्यांना मागणी असते म्हणून, आणि हात बसायला याहून चांगले काम नाही म्हणूनही. सातेरी या आपल्याकडच्या मधमाशीच्या पेटीत पोळ्याच्या चौकटींच्या कडेची मोकळी जागा सात-आठ मिलिमीटर हवी. जास्त सुटली तर माशी तिथेच आडवे पोळे बांधते आणि चौकट निघत नाही. एकाच साच्याने पन्नास पेट्या सारख्या निघाल्या, एका पेटीची चौकट दुसरीत बसली, तर समजावे की माप हातात आले. पेटीला आतून रंग किंवा वासाचे औषध लावायचे नाही. आंब्याच्या किंवा सालीलगतच्या पांढऱ्या लाकडाला पोखरणारा भुंगेरा लागतो, पण त्यावरचा इलाज पेटीत नको, घरातल्या सामानाला करावा: 100 लिटर पाण्यात दोन किलो बोरिक ॲसिड आणि तीन किलो बोरॅक्स, फळ्या ओल्या असतानाच बुडवून मग झाकून ठेवाव्यात. पावसात राहणाऱ्या लाकडाला हे चालत नाही, धुऊन जाते.

सरकारी मदतीत क्रम चुकतो. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारांचा समावेश आहे. अवजारांसाठी 15 हजार रुपयांचे ई-व्हाउचर, पाच ते सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, दिवसाला 500 रुपये भत्ता, आणि 5 टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाखांचे विनातारण कर्ज. मात्र कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो, आणि सरकारी नोकरीत असलेली व्यक्ती व तिचे कुटुंब अपात्र. पत्नी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका असेल तर अर्ज करण्यात अर्थ नाही. गेल्या पाच वर्षांत पीएमईजीपीचे (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचे) कर्ज घेतले असेल तरीही अडते. मुद्राचे कर्ज पूर्ण फेडले असेल तर चालते. म्हणजे आधी मशीनसाठी पीएमईजीपी आणि मग विश्वकर्मा, असा जो सल्ला एजंट देतात तो नुकसानीचा. 15 हजारांत उत्तम प्रतीचा एक लांब आणि एक आखूड रंधा, पटाशांचा संच, दोन करवती, गुण्या आणि शिकंजे घ्यावेत. पाच-सात दिवसांच्या प्रशिक्षणाने कोणी सुतार होत नाही, हे अधिकाऱ्यांनाही माहीत असते.

शेवटी गिऱ्हाइकांना. ‘तुम्हाला काय, पेन्शन आहे, मजुरी थोडी कमी करा’ हे वाक्य प्रत्येक फौजी सुताराने ऐकलेले असते, आणि बहुधा सत्काराच्या सभेत पुढच्या रांगेत बसणाऱ्यांकडूनच. पेन्शन झालेल्या नोकरीची आहे, तुमच्या दाराची नाही. ती वर्षभर थप्पीत अडकलेल्या लाकडात गेलेली असते. सुताराने भिडेखातर कमी मजुरी लावली की शेजारच्या रोजंदारी सुताराचाही भाव पडतो. तेव्हा अंदाजपत्रक लेखी द्यावे, लाकूड, बिजागऱ्या-कड्या, मजुरी आणि बसवणूक वेगवेगळी लिहावी, लाकडाच्या किमतीइतका विसार आधी घ्यावा आणि उरलेले दार बसल्यावर. कागदावर ‘पहिला पावसाळा झाल्यावर एकदा दुरुस्ती मोफत’ असे लिहून ठेवावे, कारण ती लागतेच. नवीन घराची दारे-खिडक्या हव्या असतील तर गिऱ्हाइकाने ऑर्डर गिलाव्याआधी द्यावी आणि दारे गिलावा सुकल्यावर, निदान दीड-दोन महिन्यांनी बसवून घ्यावीत. ओल्या भिंतीतल्या ओलाव्याने कोरडे दारही आठवड्यात फुगते, आणि बोल सुताराला लागतो.

आपले,
सातारा तालुक्यातील काही सुतार व माजी सैनिक